उजव्या खिशातला फ्यूज

दादा, तुझं गाठोडं अजून सोडलेलं नाही.

इस्पितळातून आलं तसंच आहे, गिरणीतल्या कुणाच्या तरी पंच्यात बांधलेलं. फळीवर तुझ्या पुस्तकांशेजारी ठेवलंय. आत तुझी खाकी पँट आहे, शर्ट आहे, आणि खिशात जे काही होतं ते आहे. आईला बघवणार नाही म्हणून मी ते उचलून वर ठेवलं, असं सगळ्यांना वाटतं. वाटू दे. खरं कारण वेगळं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. मला भीती वाटते. त्या पँटच्या उजव्या खिशात काय आहे ते मला बहुतेक माहीत आहे.

परवा तुझा तेरावा झाला. माणसं आली, जेवली, गेली. मधू किती हुशार, किती मनमिळाऊ, गिरणीत वायरमनचा सुपरवायझर झाला तोही पंचविशीत, असं जो तो बोलत होता. मी वाढत होते आणि एकाच पानावर दोनदा भात वाढला. मावशी म्हणाली, पोरीनं दुःख मनाला लावून घेतलंय. दुःख होतंच, पण माझं लक्ष फळीकडे होतं, भीतीनं.

घाबरट म्हणून खरं तर तुझी ख्याती होती. आपल्या डोंबिवलीच्या घरात वीज आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, तू मॅट्रिकला. वायरमन काम आटोपून निघून गेला आणि घरात बटण दाबायला कुणी पुढे होईना. आईनं मीटरच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून मागे सरली. अण्णा होते तेव्हा, ते म्हणाले, "मधू, दाब रे." तू स्वयंपाकघरात गेलास, लाटणं घेऊन आलास, आणि हातभर लांब उभा राहून लाटण्यानं बटण दाबलंस. दिवा लागला. सगळे हसले. शेजारचे कितीतरी दिवस तुला लाटणंवाला म्हणायचे.

त्यानंतर महिन्याभरातच तू होल्डर उघडायला गेलास आणि झटका बसून पाठीवर पडलास. संध्याकाळभर विहिरीच्या कठड्यामागे बसून रडत होतास. मी तुला पाणी आणून दिलं, तर म्हणालास, "सुमे, दिसत नाही गं ते. साप दिसतो, आग दिसते. हे दिसतच नाही." मला वाटलं, आता हा जन्मात कधी बटणाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी तू त्या वायरमनच्या घरी जाऊन बसलास. चार दिवस त्यानं हाकलून दिलं, पाचव्या दिवशी शिडी धरायला घेतलं. मग डिप्लोमा, मग ठाण्याची गिरणी.

तू शिकलास ते सगळं रविवारी मला शिकवलंस. मी शाळेत असल्यापासून. कुठल्याही पत्र्याला, पेटीला पहिल्यांदा हात लावायचा तो उलटा, बोटांच्या मागच्या बाजूनं. सुलट्या हातानं धरलं तर हात आवळतो आणि सुटत नाही. उलट्या हातानं लागलं तर हात आपोआप मागे येतो. आणि फ्यूजचा नियम. ज्या लाइनवर काम करायचं तिचा फ्यूज, तो चिनी मातीचा पांढरा तुकडा, आधी बोर्डातून उपसायचा आणि आपल्या उजव्या खिशात ठेवायचा. बोर्डावर ठेवायचा नाही, मदतनिसाच्या हातात द्यायचा नाही. खिशात असला की कुणी चुकून परत बसवू शकत नाही. मग शिडीवर चढण्याआधी खिसा चाचपायचा. लागला हाताला, की लाइन मेलेली आहे, बिनधास्त चढ.

"आपला जीव आपल्या खिशात," असं तू म्हणायचास आणि मांडीवर थाप मारायचास. गिरणीतल्या सगळ्यांना तू ती सवय लावलीस. आधी कुणी करत नव्हतं म्हणे.

आता त्या भांडणाबद्दल. ते संपलंच नाही, म्हणून ते मला छळतं.

माझी इंटर सायन्स झाली आणि इंजिनीअरिंगचा फॉर्म तूच मुंबईहून आणलास. दोन तास रांगेत उभा होतास. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, भावासाठी का, आणि तू म्हणालास, नाही, बहिणीसाठी, तर त्यानं फॉर्म दोनदा उलटून पाहिला. हे तू मला हसत हसत सांगितलंस. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता, इंग्रजीत. या विद्याशाखेकडे आपण का वळू इच्छिता. खाली चार ओळी कोऱ्या. मी रविवारी सकाळी बसून त्या भरल्या आणि तुला मराठीत वाचून दाखवल्या. निसर्गाच्या गूढाविषयी जिज्ञासा, लहानपणापासूनची आवड, आणि नव्या राष्ट्राच्या उभारणीत आपला वाटा.

तू दाढी करत होतास. साबण लावलेल्या तोंडानं म्हणालास, "हे गॅदरिंगला ठेव. टाळ्या पडतील."

"मग काय लिहू?"

"खरं लिही. तुला कशाची भीती वाटते?"

"मला कशाचीच भीती वाटत नाही," मी म्हटलं. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

तू वस्तरा खाली ठेवलास. "मग जाऊ नकोस त्या धंद्यात."

झालं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मुलीनं जाऊ नये असं वाटतंय ना तुला, तेवढं सरळ बोल की. फॉर्म आणून देतोस आणि वर पाय ओढतोस. तू म्हणालास, "अगं, तसं नाही. आवड काय, आज आहे उद्या नाही. जे लोक टिकतात ना, ते घाबरलेले असतात. कशाला तरी एकदा जाम घाबरलेले असतात आणि मग ते त्याच्या मागेच लागतात. डॉक्टर बघ, पूल बांधणारे बघ. ज्याला भीतीच नाही, तो चाचपत नाही." मी म्हटलं, म्हणजे तुझ्यासारखं लाटण्यानं बटण दाबायचं का. फार लागेल असं बोलले. तुझा चेहरा पडला. तू म्हणालास, "हो. तसंच." आणि तोंड धुवायला गेलास.

मी अबोला धरला. सोमवार, मंगळवार, बुधवार. डबा आई भरत होती, मी तुझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. तू दोनदा काहीतरी बोलायला आलास, मी पुस्तक उघडून बसले.

गुरुवारी धुण्याला तुझी पँट घेतली. मी नेहमी खिसे तपासते, तुला माहीत आहे. तुझ्या खिशातून खिळे निघतात, तारेचे तुकडे निघतात. उजव्या खिशात फ्यूज निघाला. लाल रंगानं सात आकडा घातलेला, एक कोपरा उडालेला. मला लगेच कळलं. कोपरा उडाला म्हणून तू बदलला असणार, आणि जुना दाखवल्याशिवाय स्टोअरवाला नव्याची नोंद करत नाही, यावरून तू नेहमी चिडायचास. हा घरी राहिला तर तुला बोलणी बसतील असं वाटलं. म्हणजे रागावले होते तरी तुझी काळजी होती, एवढं तरी धर. शुक्रवारच्या धुतलेल्या पँटच्या उजव्या खिशात मी तो ठेवला आणि वरून रुमाल घातला.

सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण अबोला होता ना. आपणहून बोलले असते तर माघार घेतल्यासारखं झालं असतं. शुक्रवारी सकाळी तू चहा पीत बसला होतास, मी दारातून दोनदा गेले, दोन्ही वेळा शब्द ओठांवर आले आणि मी गिळले. मनात म्हटलं, खिशात हात घालेल तेव्हा कळेलच की.

शुक्रवारी दुपारी निरोप आला.

तुझ्या दहाव्याला पोशा आला होता. कळव्याचा तुझा मदतनीस, आधी मिठागरात काम करायचा तो. ओटीच्या बाहेरच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. मी पाणी घेऊन बाहेर गेले तर माझ्यापाशी हळू आवाजात म्हणाला, "ताय, साहेब लोक बोलतान मधूदादानं फ्यूजच नाय काढला. बेफिकिरी केली म्हनून कागदावर लिवलाय. मना पटत नाय."

मी विचारलं, काय झालं होतं.

"मोटर उंचावर. दादा फ्यूज काढाला बोर्डाकडं गेला. तेवढ्यात खात्याच्या मास्तरनी हाक मारली, तिकडं जाऊन आला. मंग शिडीकडं आला, खिसा चाचपला. मी सोता बगलाय, ताय. चाचपला, मान हालवली न् वर गेला. मंग फ्यूज बोर्डावर कसा? मोटरचा बारा नंबर जागेवरच व्हता."

तो माझ्याकडे उत्तर मागितल्यासारखा बघत होता. माझ्या हातातला तांब्या कलंडला. तो बिचारा मलाच म्हणाला, बस ताय, चक्कर आली काय.

त्या क्षणापासून मी हे डोक्यात फिरवते आहे. तू बोर्डापाशी गेलास, हात फ्यूजकडे गेला असेल, तोच हाक आली. परत आलास. काढला की नाही, हे अशा वेळी माणसाला आठवत नाही. रोज दहा वेळा करायची गोष्ट. म्हणून तू नियमानं खिसा चाचपलास. आणि खिशानं तुला खोटं सांगितलं. टेस्टिंगचा दिवा लावून बघायला हवा होता, तेही तूच मला शिकवलंस. पण खिशावर तुझा जितका भरवसा होता तितका माझ्यावरही नव्हता.

किंवा असं काहीच नसेल. कदाचित सकाळीच स्टोअरमध्ये तो सात नंबर देऊन टाकला असशील आणि खिशात दुसरंच काही लागलं असेल. गाठोडं सोडलं की कळेल. म्हणून मी सोडत नाही. बंद आहे तोवर मी फक्त घाबरलेली आहे. सोडलं तर काय होईन, मला माहीत नाही.

घरात वीज नाही, दादा. आईनं त्या दिवसापासून मेन स्विच खाली पाडलाय आणि पेटीवर जुनं लुगडं टाकलंय. कंदील लावते. माझा फॉर्म तिनं पाटाखाली ठेवलाय आणि म्हणते त्याचं नाव काढू नकोस, एक दिलं ते पुरे झालं. मी तिच्याशी वाद घालत नाही. मला बरंच वाटतं तिनं लपवलाय ते.

*

वरचं लिहून चार दिवस झाले. पुढचं सांगायचं टाळत होते, पण तुलाच सांगायला सुरुवात केली तर पुरं करते.

झालं असं की पोशाची बायको कल्याणच्या बाजाराला जाताना भेटली. पोशा पुन्हा कामावर लागलाय म्हणाली, तुझ्या जागी नवा माणूस यायचाय तोवर तोच शिडीवर चढतो. "नीट काम करतो ना गं तो?" मी विचारलं. ती म्हणाली, "दादांनी शिकवलाय तसाच करतंय. आधी खिसा चाचपतंय, मंगच वर जातंय." ती हे मोठ्या अभिमानानं सांगत होती.

मी घरी आले. पोशाही खिशावरच भरवसा ठेवून चढत होता. आई मागच्या दारी तांदूळ निवडत होती. मी स्टूल घेतलं, गाठोडं खाली काढलं. आणि तुला हसू येईल, पण मी त्याला आधी उलट्या हातानं हात लावला. हात आपोआप मागे आला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा राहिला.

गाठ सुटत नव्हती, दातांनी सोडवली. पँटचा वास तुझा होता. उजव्या खिशात रुमाल, त्याखाली फ्यूज. एकच. लाल सात. कोपरा उडालेला.

मी किती वेळ बसले होते माहीत नाही. आई कधी दारात आली कळलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, अबोल्यापासून. वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती खाली बसली, फ्यूज हातात घेतला. आजवर तिनं असल्या वस्तूला कधी हात लावला नव्हता. म्हणाली, "त्या दिवशी पँट मी दिली त्याला. खुंटीवरून काढली तेव्हा उजवीकडे जड लागली. म्हटलं, असेल त्याचं काही कामाचं." मग फ्यूज माझ्या हातात परत देत म्हणाली, "मीही नाही विचारलं गं."

आम्ही दोघी रडलो. पण दादा, रडताना मला आणखीच भीती वाटायला लागली. पोशा त्या वेळी शिडीवर असणार होता.

मी साडी बदलली नाही, तशीच ठाण्याला गेले. गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. बायका अशा तिथे उभ्या राहत नाहीत. पहारेकरी दोनदा विचारून गेला. भोंगा झाला, माणसं बाहेर पडायला लागली. एकेक चेहरा बघत होते. पोशा लवकर दिसेना. तेवढ्या वेळात मी काय काय कबूल केलं आणि कुणाकुणाला नवस बोलले ते तुला सांगत नाही. मग तो दिसला, खाकी कपड्यात, दोघांशी बोलत येत होता.

फाटकाबाहेरच्या चिंचेखाली मी त्याला सगळं सांगितलं. फ्यूज दाखवला. मग फ्यूज घेऊन त्यानं तो आकडा अंगठ्यानं पुसल्यासारखा केला, जणू जाईल.

"म्हंजे दादा चुकला नाय," तो म्हणाला.

"नाही. मी चुकले."

"तुमी नाय, ताय. खिसा चुकला."

आणि बोलता बोलता त्याचा हात सवयीनं स्वतःच्या मांडीवर गेला. थाप मारली. तिथेच थांबला. त्याचा चेहरा मी बघत होते, आणि तो तसा पुन्हा कधी बघायची वेळ येऊ नये. त्यानं खिशात हात घातला. तंबाखूची डबी काढली, सुतळीचा गुंडा काढला, आणि मग फ्यूज. लाल तीन.

"यो कवाचा?" तो स्वतःलाच म्हणाला. बोटांवर दिवस मोजायला लागला. काल, परवा. मग मोजणं सोडून माझ्याकडे बघितलं. "आज दोन वेला वर गेलो मी, ताय."

आम्ही दोघंही खाली बसलो. मागून येणारे दोघं थांबले, काय झालं विचारायला लागले. पोशानं त्यांनाही खिसे रिकामे करायला लावले. त्यांचे रिकामेच होते, तरी दोघांनी ते दोनदा उलटे करून पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुपरिंटेंडेंटकडे गेलो, मी, पोशा आणि आई. आईसुद्धा. कागदावरचा तो बेफिकिरीचा शब्द खोडतो म्हणाले, खोडतील तेव्हा खरं. पण एक गोष्ट त्याच दिवशी झाली. आता चढण्याआधी खिसा रिकामा करायचा. काढलेला फ्यूज मदतनिसाला दाखवायचा, आकडा दोघांनी मोठ्यानं म्हणायचा, आणि मगच खिशात टाकायचा. नियम तुझाच आहे, फक्त त्यात बोलणं घातलंय. पोशा सांगत होता, पहिल्या दिवशी सगळे लाजत होते. शाळेतल्या पोरांसारखं आकडे ओरडायचे म्हणजे काय. दुसऱ्या दिवसापासून लाजले नाहीत.

आईनं काल मेन वर केला. लुगडं काढलं, पेटी पुसली, आणि मला म्हणाली, तू दाब. मी लाटणं आणलं नाही. आणायचं मनात मात्र आलं होतं. मग पाटाखालून फॉर्म काढून तिनं माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "जायचं तर जा. पण मला रोज येऊन सांगत जा, काय केलंस ते."

मी त्या चार ओळी खोडल्या. जिज्ञासा, आवड, राष्ट्र, सगळं. ते खोटं नव्हतं रे, आणि तूही पुरता बरोबर नव्हतास. तुझी भीती तुझ्यापुरती होती, पोशाची बायको रस्त्यात भेटली तेव्हा मला वाटली ती पोशासाठी होती. यावर आपलं आणखी एक भांडण झालं असतं आणि या खेपेला मी अबोला धरला नसता. खाली मी एकच वाक्य लिहिलं, की माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती पुन्हा कुणाच्या हातून होईल याची मला भीती वाटते. प्रवेश देतील की नाही, माहीत नाही. उद्या फॉर्म द्यायला जाते आहे.

गाठोडं पुन्हा बांधलं नाही. पँट धुतली, वाळत घातली, घडी केली. आणि घडी करताना, घरात कुणी नव्हतं तेव्हा, तुझ्या नेहमीच्या जागेकडे तोंड करून मोठ्यानं बोलले. त्या शुक्रवारी दारातून दोनदा जाताना गिळलं होतं ते.

दादा, तुझ्या उजव्या खिशात फ्यूज ठेवलाय. सातचा आहे. जुना आहे, आजचा नाही.